गल्लीचा रस्ता आणि लहान रोलर



डांबरी रस्ता दाबणारा रोलर हा आजच्या भाषणाचा विषय आहे, हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांस थोडे नवल वाटले असेल. कारखान्यात शोभणारा हा विषय दिवाणखान्यात कशाला, असेही कोणाच्या मनात आले असेल. परंतु घराच्या उंबरठ्यापासून आपण जी पहिली शंभर पावले टाकतो, ती राजमार्गावर क्वचितच पडतात. ती पडतात गल्लीत, बोळात, सोसायटीच्या आवारात किंवा देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर. मुले शाळेस जातात ती ह्याच वाटेने. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका दाराशी येते तीही ह्याच वाटेने. आणि घरातील वृद्ध माणूस ठेच लागून पडते तेही बहुधा ह्याच वाटेवर. राजमार्ग बांधणाऱ्यांपाशी मोठी यंत्रे, प्रयोगशाळा आणि जाणते इंजिनिअर असतात. गल्लीचा रस्ता मात्र पुष्कळदा एखाद्या दिवसात, हाताशी असेल त्या यंत्राने उरकला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचे खड्डे मोजण्याची पाळी आपल्यावर येते. त्याचा खर्चही कराच्या नाहीतर वर्गणीच्या रूपाने आपल्याच घरातून गेलेला असतो. म्हणून तो रस्ता दाबणारे यंत्र कसे निवडावे आणि कसे राखावे, ह्याची थोडीबहुत माहिती प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास असणे उपयोगाचे आहे.

उदाहरणासाठी आपण माहूर हे क्षेत्र घेऊ. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या जवळ, डोंगरांच्या कुशीत हे गाव वसले आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी रेणुकामातेचे पूर्ण पीठ येथे आहे; दत्तशिखर आणि अनसूया शिखर येथेच आहे; जुना गिरिदुर्गही येथेच आहे. डोंगरावर काळा पाषाण व मुरूम, तर खाली सपाटीस कापसाची काळी माती, अशी दोन प्रकारची जमीन एकमेकींस लागून आहे. ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय मराठवाड्याच्या इतर भागांच्या मानाने ह्या बाजूस पाऊस अधिक. आश्विनातील नवरात्रास आणि मार्गशीर्षातील दत्तजयंतीस येथे भाविकांची दाटी होते आणि त्यांतील कित्येक जण अनवाणी चालत येतात. अरुंद वाटा, चढउतार, वळणे, पाऊस, फुगणारी माती आणि पायी चालणारी गर्दी ह्या सर्व अडचणी येथे एकत्र आढळतात. सबब माहूरच्या वाटांस जो रोलर लागू पडेल, तो आपल्याकडील बहुतेक लहान गावांस लागू पडेल, असे मानण्यास हरकत नाही.

आता पहिला प्रश्न असा की, रस्ता दाबावयाचाच कशासाठी? पुष्कळांची समजूत अशी की रोलर रस्ता सपाट करतो. सपाटी हे त्याचे दुय्यम कार्य होय. त्याचे मुख्य कार्य म्हणजे खडीचे कण एकमेकांत घट्ट बसविणे व त्यांच्यामधील हवा बाहेर काढणे. नुकत्याच पसरलेल्या डांबरी मालात पोकळी भरपूर असते. नीट दाबल्यानंतर ती सात-आठ टक्क्यांहून अधिक राहू नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. ह्यापेक्षा अधिक पोकळी राहिली म्हणजे लहान लहान छिद्रे एकमेकांस जोडली जातात आणि त्यांतून पाणी थेट थराच्या पोटात शिरते. एकदा पाणी आत शिरले की वरून जाणारे प्रत्येक चाक त्या पाण्यास दाबते, ते पाणी डांबर खडीपासून सोडविते, आणि मग खडी सुटू लागते. पोकळी ह्या मर्यादेपलीकडे एका टक्क्याने वाढली म्हणजे रस्त्याचे आयुष्य सुमारे एक दशांशाने घटते, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. तेव्हा डांबर उत्तम, खडी उत्तम, पण दाब अपुरा, असा रस्ता म्हणजे उत्तम धान्य घेऊन कच्चा ठेवलेला स्वयंपाकच म्हणावयाचा.

ही गोष्ट आपल्या घरांस नवी नाही. पूर्वी अंगणाची व माजघराची मातीची जमीन करताना आपल्या आज्या-पणज्या ती चोपण्याने चोपून काढीत. माती फार ओली असली तर चोपण्यास चिकटे, फार सुकली तर कितीही चोपली तरी घट्ट होत नसे. योग्य ओल असेपर्यंतच चोपावे, हा त्या कलेचा सगळा मर्म होता. नारळाच्या वड्या थापणाऱ्या गृहिणीसही हेच ठाऊक असते. पाक गार झाला की वडी थापली जात नाही, ती फुटते. मातीस जशी ओल, वडीस जसा पाक, तशी डांबरी रस्त्यास उष्णता. हे एक तत्त्व ध्यानात ठेवले, म्हणजे रोलरच्या निवडीचे व निगेचे बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

यंत्राच्या इतिहासात आपल्या देशाचे एक मानाचे स्थान आहे, हे येथे सांगितले पाहिजे. वाफेच्या रोलरचे एक पहिलेवहिले पेटंट १८६३ साली घेतले गेले, ते कलकत्ता म्युनिसिपालिटीचे इंजिनिअर क्लार्क व बर्मिंगहॅमचे बॅथो ह्या दोघांनी. आणि ते यंत्र कलकत्त्याच्या रस्त्यांसाठीच होते. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्लंडात टॉमस अ‍ॅव्हेलिंग ह्यांनी आपला वाफेचा रोलर सिद्ध केला व पुढे त्यांच्याच कारखान्याची यंत्रे जगभर पसरली. आपल्याकडील रस्त्यांच्या सुधारणेस पद्धतशीर वळण लागले ते मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीमुळे. तिच्या शिफारशींतून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्ता कसा बांधावा ह्याचे लेखी नियम आज आपल्यापाशी आहेत, त्याचे पुष्कळसे श्रेय ह्या संस्थेस आहे. मोठ्या रस्त्यांस ते नियम लावणारी माणसे असतात. गल्लीत मात्र ते सहज विसरले जातात.

आता निवडीकडे वळू. आपल्याकडे रस्त्यावर जो तीन लोखंडी चाकांचा आठ-दहा टनी रोलर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला, तो मोकळ्या रस्त्यावर उत्तम काम देतो. परंतु तीन मीटर रुंदीच्या बोळात तो वळत नाही, भिंतीच्या कडेस पोहोचत नाही, आणि खालून गेलेल्या पाण्याच्या नळास किंवा जुन्या गटारास त्याचे ओझे सोसेलच असे नाही. मग कामगार काय करतात? मधला पट्टा दाबतात आणि कडा तशाच सोडून देतात. पाणी मात्र वाहते ते कडेनेच. म्हणून गल्लीचा रस्ता कडेपासून खचत येतो.

लहान कामास उपयोगी अशी यंत्रे सामान्यतः तीन प्रकारची असतात. पहिले म्हणजे प्लेट. हे साठ ते शंभर किलो वजनाचे, इंजिनाच्या बळावर थरथरणारे सपाट तव्यासारखे यंत्र असते. खड्डा बुजविणे, कोपरे आणि गटाराच्या झाकणाभोवतालची जागा दाबणे एवढेच त्याचे काम. त्याने सबंध गल्ली दाबू नये. दुसरा प्रकार म्हणजे मागून चालत धरावयाचा, दोन चाकांचा, सुमारे सहाशे-सातशे किलो वजनाचा रोलर. पायवाटा व अगदी अरुंद बोळ ह्यांसाठी तो योग्य. तिसरा प्रकार म्हणजे चालकाने वर बसून चालविण्याचा, पुढेमागे दोन गुळगुळीत लोखंडी ड्रम असलेला, दीड ते तीन टनांचा रोलर. ड्रमची रुंदी ऐंशी सेंटिमीटरपासून एकशेवीस सेंटिमीटरपर्यंत असते. नगरपंचायतीस, कंत्राटदारास अथवा मोठ्या सोसायटीस लहान रस्त्यांसाठी एकच यंत्र हवे असेल, तर माझ्या मते तो हा तिसरा प्रकार होय. आणि त्याच्या जोडीस एक प्लेट असावी.

विकत घेताना केवळ यंत्राचे एकूण वजन विचारू नये. ते वजन ड्रमच्या किती रुंदीवर वाटले गेले आहे, हे पाहावे. अडीच टनांच्या रोलरचे दोन ड्रम प्रत्येकी एक मीटर रुंद असतील, तर प्रत्येक ड्रमवर साडेबाराशे किलो येतात, म्हणजे दर सेंटिमीटरास साडेबारा किलो. सातशे किलोंच्या, पासष्ट सेंटिमीटर ड्रमच्या यंत्रात हाच आकडा सुमारे साडेपाच किलो पडतो. हा दाब मोठ्या रोलरच्या मानाने थोडा आहे. त्याची भरपाई कंपनाने करावी लागते. ड्रमच्या पोटात एक बाहेर झुकलेल्या वजनाची आस वेगाने फिरते आणि तिच्यामुळे ड्रम मिनिटास तीन ते चार हजार वेळा हलके ठोके देतो. ह्या ठोक्यांनी खडीचे कण हलतात, आणि हललेले कण थोड्या वजनानेही जागच्या जागी बसतात. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ह्या कंपनाचा जोर मोठ्या आकड्यांत छापलेला असतो व जणू तेवढे वजनच वाढले असे भासविले जाते. तो आकडा वजनात मिळवून हिशेब करू नये.

कंपनाच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्या. डांबराच्या पातळ थरास ठोके जलद आणि लहान हवेत. ड्रमची वरखाली होण्याची हालचाल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी. माती व मुरूम दाबण्याच्या यंत्रात ठोके सावकाश आणि मोठे असतात. ते यंत्र डांबरावर चालविले तर खडीच चिरडते. दुसरी गोष्ट, कंपन बंद करून नुसत्या वजनाने चालविण्याची सोय असलीच पाहिजे. जुन्या दगडमातीच्या भिंतींच्या शेजारून जाताना कंपन बंद ठेवावे लागते; माहुरासारख्या जुन्या गावात अशा भिंती पावलोपावली आहेत. ह्याखेरीज एक पाहणी गल्लीच्या दृष्टीने फार महत्त्वाची: ड्रमच्या बाहेर यंत्राची चौकट किती आलेली आहे? ती जितकी कमी, तितका रोलर भिंतीला व पायरीला लागून चालतो. कडा नीट दाबल्या जाणे हे ह्या दोन बोटांच्या अंतरावर अवलंबून असते.

निवडीचा खरा कस मात्र वेळेच्या हिशेबात लागतो. समजा, तीन मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब अशी एक गल्ली आहे आणि तीवर चार सेंटिमीटरांचा थर द्यावयाचा आहे. रोलरचा ड्रम एक मीटरचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर पंधरा सेंटिमीटर चढवावयाचा, म्हणजे चार पट्टे झाले. प्रत्येक पट्ट्यावरून सहा फेऱ्या धरल्या, तर एकंदर चोवीस खेपा. ताशी चार किलोमीटर वेगाने शंभर मीटरांच्या चोवीस खेपांस छत्तीस मिनिटे लागतात. पुढेमागे वळविण्याचा वेळ निराळा. आता आपल्याकडे नेहमी वापरल्या जाणाऱ्या डांबराचा माल पसरताना निदान एकशेचाळीस अंश सेंटिग्रेड उष्ण असावा आणि दाबण्याचे काम नव्वद अंशांच्या वरच आटोपावे, असा नियम आहे. चार सेंटिमीटरांचा थर एवढा निवण्यास वारा, ऊन व खालची जमीन ह्यांच्या मानाने साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटे लागतात. दोन सेंटिमीटरांचा थर तर ह्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात निवतो. म्हणजे सबंध गल्ली एकदम पसरून मग रोलर फिरवू लागल्यास शेवटच्या फेऱ्या थंड दगडावर फिरविल्यासारख्या होतील. तीच गल्ली पंचवीस-पंचवीस मीटरांच्या तुकड्यांत केली, तर एका तुकड्यास वळविण्यासह तेरा-चौदा मिनिटे पुरतात आणि माल उष्ण असतानाच काम संपते. लहान रोलरने चांगला रस्ता होतो की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या हिशेबात आहे. होतो, परंतु पसरणाऱ्याने रोलरच्या चालीने चालले पाहिजे.

वेग वाढवून वेळ वाचविता येईल, असे कोणी म्हणेल. तसे करता येत नाही. ताशी चार किलोमीटरांस रोलर सेकंदास सुमारे एकशेदहा सेंटिमीटर पुढे जातो. मिनिटास छत्तीसशे ठोके धरले, तर दर दोन सेंटिमीटरांच्या आत एक ठोका बसतो. वेग दुप्पट केला की ठोके दुप्पट अंतरावर पडतात आणि रस्त्यावर बारीक लाटा उमटतात. सायकलवरून जाताना हातास जी थरथर जाणवते, ती पुष्कळदा ह्याच घाईची खूण असते. चालत्या माणसाने सहज बरोबर चालावे एवढाच रोलरचा वेग असावा.

माहूरच्या संदर्भात मालाच्या प्रवासाचाही विचार केला पाहिजे. नांदेड शहर येथून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. गरम माल दुरून आणावयाचा असेल, तर मालमोटारीवर ताडपत्री घट्ट बांधलेली असावी आणि माल उतरविण्यापूर्वी त्याचे उष्णमान मोजावे. पृष्ठभागाचे उष्णमान दुरून दाखविणारी यंत्रे आज मिळतात, परंतु वरची साय निवलेली व पोट गरम असा प्रकार मालातही असतो; म्हणून काडीचे थर्मामीटर आत खुपसून पाहणे अधिक विश्वासाचे. माल जवळ मिळतच नसेल, तर पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, म्हणजे इमल्शनचा थंड माल वापरता येतो. तो तपकिरी असतो आणि पाणी सुटू लागले की काळा पडतो. तो काळा पडू लागल्यावरच रोलर चालवावा. आणि जेथे सांडपाणी बाराही महिने वाहते, अशा बोळात डांबराचा हट्टच धरू नये. तेथे सिमेंट काँक्रीट अधिक टिकते. मात्र डोंगराच्या काळ्या पाषाणाची खडी डांबरास चांगली धरून ठेवते, ही ह्या भागाची जमेची बाजू आहे.

चढाच्या वाटेवर रोलर चालविणे हे निराळे कौशल्य आहे. काम नेहमी खालच्या टोकापासून वर न्यावे व रुंदीतही खालच्या कडेपासून वरच्या कडेकडे जावे, म्हणजे आधी दाबलेला पट्टा वरच्या पट्ट्यास टेकू देतो. तीव्र चढावर पहिली फेरी कंपनावाचून करावी, नाहीतर मऊ माल खाली सरकून त्याची लाट होते. दिशा बदलताना कंपन बंद करावे, झटका देऊ नये आणि गरम थरावर रोलर उभा करू नये. निर्मात्याने यंत्रावर चढाचा जो आकडा लिहिलेला असतो, तो घट्ट व कोरड्या जमिनीचा असतो. गरम डांबरी थरावर अथवा ओल्या उतारावर तो तसाच धरून चालणे धोक्याचे आहे. चालकाच्या डोक्यावर उलटण्यापासून रक्षण करणारी लोखंडी कमान असावी आणि त्याने कमरेचा पट्टा बांधलेला असावा. मागून धरावयाच्या यंत्रात तर मूठ सुटताच यंत्र थांबेल अशी रचना पाहूनच घ्यावी. कारण मागे सरकणारा रोलर आणि पाठीशी भिंत ह्यांच्यामध्ये माणूस सापडला, तर ओरडण्यासही अवसर मिळत नाही.

आता निगा. ह्या यंत्राची निगा इंजिनापासून सुरू होत नाही, ती पाण्याच्या टाकीपासून सुरू होते. ड्रम ओला नसेल तर गरम डांबर त्यास चिकटते, आणि एकदा चिकटलेला गोळा प्रत्येक फेरीत रस्त्याचे लचके तोडतो. म्हणून ड्रमवर पाण्याची बारीक फवार सतत पडली पाहिजे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील गाळाने फवाऱ्याची छिद्रे बुजतात. टाकी भरताना पाणी फडक्यातून गाळून घ्यावे, आतील जाळी रोज धुवावी, छिद्रे उघडी आहेत हे काम सुरू करण्यापूर्वी पाहावे, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करावी. ड्रमला लागून असलेली खरवडण्याची पट्टी व काथ्याची चटई झिजली असल्यास बदलावी. पाणीही बेताने, रस्त्यावर तळे साचले तर थर वेळेपूर्वी निवतो.

पाण्याचा कंटाळा करून ड्रमला डिझेल पुसण्याची एक वाईट खोड काही ठिकाणी आढळते. डिझेल हे डांबरास विरघळविते. ज्या ठिकाणी ते ठिबकते त्या ठिकाणी रस्त्याचा बंधच सुटतो, आणि काही महिन्यांनी तेथे खड्डा दिसतो. नियमांतही ह्यास स्पष्ट मनाई आहे. ह्याच कारणास्तव रोलरमधून इंजिनाचे किंवा हायड्रॉलिक तेल गळत असेल, तर त्याला तसेच कामावर पाठवू नये. ते गळणे यंत्राचे जेवढे नुकसान करते, त्याहून अधिक रस्त्याचे करते.

इंजिनाच्या बाबतीत रोज सकाळी सपाट जागेवर उभे करून तेल पाहावे. रस्त्याच्या कामात धूळ फार, म्हणून हवेचा फिल्टर वरचेवर तपासावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. संध्याकाळी डिझेलची टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या पोकळीत रात्रीचे दव धरत नाही. नव्या यंत्राचे पहिले तेल साधारण पन्नास तासांनी आणि पुढे सुमारे अडीचशे तासांनी बदलतात. हायड्रॉलिक तेलाची मुदत ह्याहून बरीच मोठी असते. तथापि निर्मात्याच्या पुस्तिकेत जे तास दिले असतील तेच प्रमाण मानावे. ड्रम आणि चौकट ह्यांच्यामध्ये रबरी गुटके बसविलेले असतात. ते चिरले किंवा कडक झाले म्हणजे ठोका रस्त्यास बसण्याऐवजी चालकाच्या हाडांस बसतो. महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात त्यांकडे निरखून पाहावे. सांध्यांस ग्रीस द्यावे, आणि हाताचा ब्रेक उतारावर धरतो की नाही, ह्याची खात्री रोज करून घ्यावी. पावसाळ्यात यंत्र छपराखाली, फळ्यांवर उभे करावे व दोन-तीन आठवड्यांनी एकदा चालू करावे. ह्या सर्वांची नोंद एका वहीत असावी. दुधाच्या रतिबाचा हिशेब ज्या काळजीने आपण ठेवतो, तेवढी काळजी एवढ्या किमतीच्या यंत्रास पुरे होते.

असे यंत्र विकत घ्यावे की भाड्याने, ह्याचा निर्णय हौसेने न करता दिवस मोजून करावा. वर्षात ते किती दिवस खरोखर चालेल? तेवढ्या दिवसांचे भाडे एका बाजूस, आणि व्याज, झीज, चालकाचा पगार, छप्पर व दुरुस्ती दुसऱ्या बाजूस मांडावी. वर्षातून पंधरा-वीस दिवसच काम असेल, तर भाड्याचा रोलर बरा. शेजारच्या दोन-चार गावांनी मिळून एक यंत्र राखले, तर ते अधिक बरे. जुने यंत्र घेताना रंग पाहू नये. ड्रमवर सरळ पट्टी ठेवून खोलगट भाग पाहावेत, इंजिन थंड असताना चालू करून पाहावे, आणि कंपन सुरू केल्यावर खडखडाट ऐकू आला तर आतील बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो १९७६ साली पुरा झाला. कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती, आणि रस्ता त्या हमीच्याही पलीकडे कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून टिकला. आपल्या हवेत, आपल्या पावसात, आपल्याच माणसांच्या हातून असे काम होऊ शकते, ह्याचा तो दाखला आहे.

मग घरात बसणाऱ्या माणसाने काय करावे? आपल्या दारासमोर काम चालू असेल त्या दिवशी पाऊण तास बाहेर उभे राहावे. माल उतरताना वाफा निघत आहेत का? रोलर पसरणाऱ्यांच्या मागोमाग आहे की दूर सावलीत उभा आहे? ड्रम पाण्याने ओला आहे की तेलाने? भिंतीलगतचा पट्टा दाबला जात आहे का? पाणी वाहून जाण्यास रस्त्याला उतार दिला आहे का? ह्या प्रश्नांस इंजिनिअरची पदवी लागत नाही. ते भांडणाच्या सुराने विचारण्याचेही कारण नाही. उन्हात गरम डांबराजवळ राबणाऱ्या माणसास तांब्याभर पाणी देऊन विचारले, तर तो आनंदाने दाखवील. आणि सण तोंडावर आला म्हणून पावसाच्या सरींत, ओल्या जमिनीवर डांबर पसरण्याचा आग्रह नागरिकांनीही धरू नये. नवरात्राची वाट चांगली हवी असेल, तर ती वैशाखापूर्वी दाबली गेली पाहिजे.

गडाकडे अनवाणी निघालेल्या म्हाताऱ्या बाईस रोलरचे वजन ठाऊक नसते, ठोक्यांची संख्या ठाऊक नसते. तिच्या तळव्यास सुटी खडी टोचते किंवा टोचत नाही, एवढेच तिला कळते. ते टोचणे न टोचणे, माल गरम असतानाच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत ठरलेले असते.